बारा जणींची भिशी आणि एक शेंग

"तुमच्यावर भरवसा ठेवू का?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. ठेवायचा तर ठेवा, नाहीतर घरी जा. विचारून कुणाचा भरवसा वाढलाय? हा माझा जुना स्वभाव. ह्याच गुर्मीत मी सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, बारा बायकांची भिशी चालवत होते.

भिशी म्हणजे काय हे आता नव्या सुनांना सांगावं लागतं. दर महिन्याला प्रत्येकीनं सारखी रक्कम काढायची, ती एकत्र करायची आणि सगळीच्या सगळी एकीला द्यायची. पुढच्या महिन्यात दुसरीला. वर्षभरात बारा जणींचा नंबर लागून जातो. लबाडीला जागा एकच: जिनं आधी उचलले तिनं पुढं हात वर केले तर शेवटचीचं काय? ते ज्या बाईनं भिशी धरली तिनं भरायचं. आमच्या गल्लीत ती बाई मी होते, आणि मला त्याचा भलताच अभिमान होता.

अभिमानाला कारणही होतं. माझं माहेर करमाळ्याचं. वडिलांचं बाजारात आडतीचं दुकान. शेतकऱ्याला उचल द्यायची आणि सुगीला त्याचा माल आपल्याकडं लावायचा, हा धंदा. वडील एका गावात कधी दोनापेक्षा जास्त घरांना उचल देत नसत. म्हणायचे, "गारा एका शिवारात पडत्यात. शेजारच्या शिवारात ऊन असतंय. समद्या शिवारांत मिळून एकदम गारा पडायला देव काय यडा न्हाय." हे ऐकत मी वाढले आणि लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा दागिन्यांबरोबर ही अक्कलही घेऊन आले. सासरी किराण्याचं दुकान. घरात आपसात कानडी, गल्लीत मराठी. वर्षभरात मी दोन्ही भाषांत भांडायला शिकले आणि मग गल्लीनं मला आपली म्हटलं.

भिशीला बायका घेताना मी वडिलांचाच हिशोब लावला. दारात आलेल्या प्रत्येकीला पहिला प्रश्न, "मालक काय करतात?" एकीचा नवरा रेल्वेत, एकीचा शाळामास्तर, एकीचा गिरणीत, एकीचा टांगा, एकीचा पोस्टात. एक तेलुगू बोलणारी शेजारीण, तिचा नवरा दुसऱ्याच्या मागावर विणकर. एका धंद्यातल्या दोघी मी घेतल्याच नाहीत. गिरणीतल्या दुसऱ्या एकीला तोंडावर नाही म्हटलं, ती पुढं वर्षभर माझ्याशी बोलली नाही. गिरणी बंद पडली तर टांगा चालेल, टांग्याचा घोडा मेला तर पोस्ट चालू राहील, असा माझा हिशोब. एका महिन्यात फार तर दोघी अडतील. तेवढी गंगाजळी मी घरखर्चातून वाचवून डाळीच्या डब्यात ठेवली होती. आणि त्याहून जास्त लागले तर दुकान होतंच की. शिवाय माझ्या पाटल्या.

बाराव्या नंबरावर होती अक्का. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. मोठ्या सरकारी दवाखान्यात आया होती. स्वच्छ पांढरं पातळ, केस चापून बसवलेले, चालणं असं की पुढचा माणूस आपोआप बाजूला व्हावा. भिशीच्या सोमवारी आली की दारातून मोठ्यांदा "जय भीम, वैनी" म्हणायची आणि मी नमस्कार म्हणेपर्यंत आत येऊन बसलेली असायची. नंबर ठरवायला बसलो तेव्हा जी ती पहिल्या दोन-तीन नंबरांसाठी कावकाव करत होती. ही एकटी म्हणाली, "मला शेवटचा द्या."

"का हो अक्का?"

"पोरगी औंदा म्याट्रिक व्हतीय. नर्सिंगला घालायचीय मिरजंला. जूनमदी डिपॉजीट भरायचं, हॉस्टेलचं भरायचं. आदी पैसं आलं तर घरातच जिरत्यात. जूनला हातात पायजेत."

तिच्या आवाजात विनवणी नव्हती. सांगणं होतं. मला अशी माणसं आवडतात. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "अक्का, जूनच्या पहिल्या सोमवारी पैसे तुमच्या पदरात. माझा शब्द."

अकरा महिने भिशी अशी चालली की मला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटायचं. एकीनं तांब्याचा बंब घेतला, एकीनं मुलीचं बाळंतपण काढलं, तेलुगू शेजारणीनं शिलाईचं मशीन आणलं आणि टॉवेलांच्या कडा शिवायला सुरुवात केली. मी माझ्या नंबरात भांड्यांचं कपाट घेतलं. मे महिन्याच्या सोमवारी अकरावीनं उचलले. त्या दिवशी दोघींनी हात वर केले, पण त्यासाठी डाळीचा डबा होता. मी शांतपणे भरले. दोघी अडतील, तिघी नाही, हे मी म्हटलंच होतं. हिशोब बरोबर निघाला म्हणून मला आनंदच झाला.

मग पुढच्या आठवड्यात दाराशी रीघ लागली. मास्तरीणबाई आल्या: पाहुणे आलेत, जूनच्या सोमवारचं जमणार नाही. टांगेवाल्याची आली: पोराला ताप आहे. पोस्टातल्याची आली: नणंदेचं लग्न निघालं. रेल्वेवाल्याची पदराचं टोक पिळत कसलंसं कारण पुटपुटली. प्रत्येकीचं कारण वेगळं. पहिल्या दोघींना मी चहा दिला. चौथीला दिला नाही. सहावीला उंबऱ्यातूनच वाटेला लावलं. डोक्यात राख घालून मी मास्तरीणबाईंच्या घरी गेले, की बघू तरी कुठले पाहुणे आलेत.

पाहुणे नव्हते. मास्तर बाहेर गेले होते आणि बाई स्वयंपाकघरात रिकाम्या बसल्या होत्या. भिंतीला एक लाकडी पाट टेकवून ठेवलेला, त्याला मधोमध एक खिळा. ह्या खिळ्याला चादरीचं टोक अडकवायचं आणि कडेच्या सुट्या सुतांना पीळ देऊन गाठी मारायच्या. त्या सुतांना दशा म्हणतात. सोलापुरी चादरीची शोभा त्या गाठींत असते आणि त्या गाठी कारखान्यात नाही, घरोघरी बायका मारतात. मी पाटाकडं बघितलं, बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि पाट उचलून फडताळामागं सारला.

मी उठले आणि टांगेवाल्याच्या घरी गेले. पोरगं अंगणात विटीदांडू खेळत होतं. खाटेखाली पाट, पाटाला खिळा.

मग मला आठवलं, की सायकलवरून चादरींचे गठ्ठे आणणारा गठ्ठेवाला कितीतरी दिवसांत गल्लीत दिसला नव्हता. त्या उन्हाळ्यात सूत महाग झालं होतं. चादर विकून सुताचे पैसेही सुटेनात म्हणून कारखानदारांनी माग थांबवले होते. माग थांबले की चादर नाही, चादर नाही तर दशा नाहीत. मला हे सगळं ठाऊक होतं. पण माझ्या भिशीत मागावरचा माणूस एकच, तो तेलुगू शेजारणीचा नवरा. म्हणून मी निवांत होते.

रस्त्यात उभी राहून मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. मी नवरे निवडले होते. भिशी भरत होत्या बायका. नवऱ्याचा पगार घरात जातो. तो सासूच्या नाहीतर सावकाराच्या हातात जातो, त्यातून भिशीला पै सुटत नाही. बाई भिशी भरते ती दुपारच्या मिळकतीतून, आणि आमच्या पेठेत दुपारची मिळकत म्हणजे गाठी. टांगा, पोस्ट, रेल्वे, शाळा सगळं वरवर वेगळं, आतून एकाच माळेचे मणी, आणि माळेचं सूत कारखान्यातून येणारं. मला माझाच राग आला, पण त्याहून जास्त, खरं सांगते, मजा वाटली. असा पेच रोज पडत नाही.

आता प्रश्न असा, की नेमक्या कितीजणी ह्या माळेत? दोघींचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, चार-पाचजणींचा वास येत होता. बाकीच्यांचं काय? आणि विचारायचं कसं? मास्तरांना कळलं की आपली बायको सायकलवाल्याचे गठ्ठे सोडते, तर ते घर डोक्यावर घेतील. दुसरीच्या सासूला कळलं तर तो पैसा सासूचा होईल. एकमेकींनाही त्यांनी सांगितलेलं नव्हतं. गठ्ठेवाला मागच्या बोळानं यायचा, प्रत्येकीला वाटे आपलं एकटीचंच गुपित. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायला लावली तर भिशी वाचेल आणि बायको मार खाईल. मला ते नको होतं.

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई चिंचा फोडत बसल्या होत्या. चिंचोक्यांचा ढीग बघून मला युक्ती सुचली.

पुढच्या सोमवारी दुपारी मी सगळ्यांना दुकानामागच्या खोलीत बोलावलं. बायका आल्या, तोंडं अशी की फाशीला निघाल्यात. अक्का दवाखान्यातून तशीच आली होती, भिंतीला टेकून बसली. मी मधोमध एक तांब्याची कळशी ठेवली, तिच्या तोंडावर फडकं टाकलं. प्रत्येकीच्या हातात एक चिंचोका आणि एक भुईमुगाची शेंग दिली. मीही दोन्ही घेतली.

"आता ऐका," मी म्हटलं. "कुणी कुणाला काही सांगायचं नाही. भिशीचे पैसे गाठींतून येत असतील तर चिंचोका टाकायचा. दुसरं कुठलंही उत्पन्न असेल तर शेंग. फडक्याखाली हात घालून टाकायचं. उरलेलं मुठीत धरून घरी न्यायचं आणि गपचूप फेकून द्यायचं. मला कोण कोण ते नको, मला किती ते पाहिजे."

गाठी हा शब्द ऐकल्याबरोबर मास्तरीणबाईंनी दाराकडं बघितलं. मग तेलुगू शेजारीण उठली, कळशीत हात घालून आली. तिच्यामागून मास्तरीणबाई. एकेक करत सगळ्या. अक्का सगळ्यात शेवटी गेली, तिच्या आधी मी. मी शेंग टाकली. माझे पैसे दुकानातून यायचे, गाठीबिठी मला येतच नव्हत्या.

मी फडकं काढलं आणि कळशी परातीत उपडी केली. चिंचोक्यांचा खळखळ आवाज झाला. अकरा चिंचोके आणि एक शेंग.

ती शेंग माझी होती. म्हणजे माझ्याशिवाय सगळ्या, सगळ्याच्या सगळ्या. अक्कासुद्धा, जिला दर महिन्याला सरकारी पगार होता. मी मान वर केली. बायका परातीकडं बघत होत्या. आपल्या शेजारी बसलेलीही तेच करते, हे प्रत्येकीला एकाच क्षणी कळत होतं. आणि त्याबरोबर दुसरंही कळत होतं, की आता आपण सगळ्याच बुडालो. मी ती हालचाल पाहिली. कुणी पदर सावरला, कुणी चपलांकडं बघितलं. एक जरी उठून गेली असती तर बाकीच्या मागोमाग गेल्या असत्या, आणि मग एकमेकींच्या दारावरून जाताना तोंड फिरवत वर्ष काढलं असतं. भिशी अशीच मोडते.

"शेंग माझी हाय," अक्का म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

"मला पगार हाय की. माझं कुटं जात न्हाय. तुमी समद्या घाबरताव कशाला? गठ्ठे आज न्हाईत, उद्या येतील. पैसं तर मलाच द्यायचं हायत. मी बसली हाय हितं, पळून चालली न्हाय."

शेंग माझी आहे हे मला ठाऊक होतं. ती खोटं का बोलते हे कळेना. पण खोलीतल्या बायका सैल झालेल्या दिसत होत्या. कुणीतरी हसलं. मास्तरीणबाई टांगेवाल्याच्या बायकोला म्हणाल्या, "अगं बाई, तुम्हीपण?" आणि तिनं त्यांना कोपरखळी मारली. मग जो गलका झाला तो काय सांगू. कुणाला एका चादरीमागं किती मिळतं, गठ्ठेवाला कुणाचे किती कापतो, सगळं बाहेर आलं. मी गप्प बसले. असं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

पण गलक्यानं डिपॉजीट भरत नाही. बायका उठायच्या आधी मी म्हटलं, "जूनचे पैसे अक्काला मिळणार. कुठून ते मी बघते." डोक्यात दुकान होतं. शेंग माझी होती ना, मग भरणं माझंच.

संध्याकाळी मामंजींपुढं उभी राहिले आणि सरळ मागितले. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. त्यांनी गल्ला ओढून दाखवला. त्यात चिल्लर होती. मग त्यांनी कापडाचा पडदा सारून मागचं फडताळ दाखवलं. तुरीचं रिकामं पोतं घडी घातलेलं, तेलाचे डबे रिकामे.

"गल्लीत समदी उधारी हाय," ते म्हणाले. "दोन महिनं कोण रोख देतंय? तुझ्याच भिशीच्या बायका हायत की. न्हाई म्हणू का त्यास्नी? पोरंबाळं हायत घरात."

"आणि माझ्या पाटल्या?"

मामंजींनी गल्ला लोटून बंद केला. सासूबाई आतून अर्ध्या कानडीत म्हणाल्या, "ब्याड, नको, आता नको विचारू." मग मला कळलं. माल भरायला पाटल्या आधीच गहाण पडल्या होत्या. मला सांगायचं धाडस कुणाला झालं नव्हतं, आणि माझा स्वभाव बघता त्यात नवल नाही. त्या रात्री मी रडले. पाटल्यांसाठी नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला म्हणून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या दुकानाच्या जिवावर मी अकरा जणींना तोलून धरणार होते, ते दुकान त्याच अकरा जणींच्या दुपारच्या गाठींवर उभं होतं. बायका पडल्या की दुकान पडणार, आणि दुकानाची गरज लागणार तेव्हाच जेव्हा बायका पडतील. मी टाकलेली शेंग शेंगच नव्हती.

सकाळी उठले तेव्हा डोकं थंड होतं. मी मनाशी म्हटलं, वडिलांचा हिशोब चुकीचा नाही, अर्धा आहे. गारा शिवार बघून पडतात, दुष्काळ शिवार बघत नाही. कोण कशाशी बांधलेलं आहे ते दिसत असेल तर दिसतं तसं धरावं. दिसत नसेल तिथं बांधलेलंच आहे असं धरावं आणि मग उरतं काय ते बघावं. शुक्रवार पेठेत काही उरत नव्हतं. म्हणजे उत्तर पेठेबाहेर होतं.

तेवढ्यात तेलुगू शेजारीण दारात आली. म्हणाली, "वैनी, मशीन विकते मी. माग बंद, टॉवेल नाही, मशीन नुस्ता बसलाय." ती कालच जुन्या बाजारात जाऊन आली होती. तिथं मशिनींची रांग लागलेली. गावभरच्या टॉवेल शिवणाऱ्या बायका मशिनी घेऊन आलेल्या, आणि व्यापारी भंगाराचा भाव सांगत होता.

"इथं विकायचंच नाही," मी म्हटलं. "जिथं माग नाहीत तिथं विकायचं."

करमाळ्याला माग नव्हते. तिथला बाजार ज्वारी-भुईमुगावर चालतो. रब्बीचा माल नुकताच येऊन गेलेला, लोकांच्या हातात पैसा, त्यात लग्नसराई. शिंप्यांना मान वर करायला फुरसत नसणार. सोलापुरात जे मशीन भंगार होतं, ते तिथं ह्या आठवड्यात सोनं होतं. बंबवालीनंही बंब आणून ठेवला. मी दोघींना सांगितलं, पुढच्या भिशीचा पहिला नंबर मशीनवालीचा, दुसरा बंबवालीचा, आणि तोवर बाकीच्या जमेल तसं भरतील. पावसाळ्यात माग सुरू झाले आणि तो शब्द मी पाळला, हे इथंच सांगून टाकते.

मी आणि अक्का निघालो. तिनं दवाखान्यातून एक दिवसाची रजा काढली होती. पॅसेंजरनं केमपर्यंत, केमहून एसटीनं करमाळा. मशीन हमालानं डब्यात चढवलं तेव्हा टीसी ओरडला. अक्कानं त्याच्याकडं असं काही बघितलं की तो पुढच्या डब्यात निघून गेला. एसटीत मशीन टपावर आणि बंब माझ्या मांडीवर. सबंध रस्ताभर कंडक्टर विचारत होता, पाणी तापलं का?

माहेरी मी गेले नाही. गेले असते तर वडिलांनी पैसे काढून दिले असते आणि सासरची लाज बाजारात मांडली गेली असती. मी थेट बाजारपेठेतल्या शिंप्यांच्या ओळीत गेले. पहिला शिंपी भाव पाडून मागू लागला. मी म्हटलं, "बरं, समोरच्याला विचारते," आणि मशीनच्या एका बाजूला हात लावला. अक्कानं दुसरी बाजू उचलली. दोन पावलं गेलो नाही तोच त्यानं हाक मारली. बंब एका लग्नघरानं आंदणाला म्हणून घेतला. दोन्हींची रक्कम धरून अक्काचा नंबर भरला. थोडे पैसे उरले, त्यात आम्ही दोघींनी चहा-भजी खाल्ली आणि परतीची तिकिटं काढली.

केमच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसलो तेव्हा उन्हं कलली होती. फलाटापलीकडं नांगरलेली रानं. अक्कानं पैसे पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचले होते आणि मधूनमधून तिथं हात लावून बघत होती. मला खूप बरं वाटत होतं. शब्द दिला होता, तो पाळला होता. पण एक गोष्ट विचारायची राहिली होती.

"अक्का," मी म्हटलं, "ती शेंग माझी होती."

"म्हाईत हाय."

"मग तुमची म्हणून का सांगितलंत?"

तिनं कनवटीत हात घातला आणि मूठ माझ्यापुढं उघडली. तळहातावर एक शेंग होती. त्या दिवसाची, फेकून द्यायची राहिलेली. म्हणजे चिंचोका तिनं कळशीत टाकला होता.

"पगार माझा सासरे घेत्यात," ती म्हणाली. "एक तारखेला दवाखान्याच्या दारात हुबं असत्यात. भिशी मी गाठीचीच भरत हुते. रातपाळीवरनं आलं की दुपारी बसायची."

"मग?"

"मग काय. तुमी परात उपडी केली आन् समद्यांची तोंडं बगितली मी. दवाखान्यात आसंच असतंय वैनी. एक पेशंट वरडला की आख्खा वार्ड वरडतोय, दुखत नसलं तरी. एक जण गप पडून राहिला की बाकीचं बी गप राहत्यात. एक तरी पक्की हाय म्हणल्यावर बाकीच्या पळत न्हाईत. आन् तुमचं दुकान मी बगितलं हुतं की. पंदरा दिवस तुमच्याकडं तूरडाळ न्हवती. तुमच्या शेंगंवर कोण भरवसा ठेवणार?"

मी सगळ्या गाठी शोधल्या होत्या, सुताच्या, उधारीच्या, पाटल्यांच्या. घाबरण्याची गाठ मला दिसलीच नव्हती. ज्या बाईचे सगळे पैसे बुडायची वेळ आली होती, तिनं ती एकटीनं सोडवली होती, आणि मी ते माझ्या खात्यावर मांडून फलाटावर खूश बसले होते. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम.

अक्कानं शेंग फोडली. आत दोन दाणे निघाले. एक तिनं तोंडात टाकला, एक मला दिला.

माझ्या बटव्यात माझा उरलेला चिंचोका तसाच होता. तो मी काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"हा राहिला होता टाकायचा," मी म्हटलं. "आता झाले बारा."

लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. अक्कानं कमरेची गाठ सोडली, चिंचोका मुलीच्या पैशांत ठेवला आणि पुन्हा घट्ट गाठ मारली.